पहिल्यांदा म्हणजे शेवटचे नव्हे

“परत कधी जाणार?” या तीन शब्दांनी आमच्या हनिमूनचा जवळजवळ घात केला होता.

हे शब्द मला कुणा वैऱ्याने ऐकवले नाहीत. आई म्हणाली, सासूबाई म्हणाल्या, वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, ट्रॅव्हल एजंट म्हणाला. आणि खरे सांगायचे तर सगळ्यांत जास्त वेळा मीच स्वतःला म्हणाले. एवढे पैसे घालून जाताच आहात तर पॅरिसही करून टाका, स्वित्झर्लंडही करून टाका. परत कधी जाणार? वरवर पाहता सल्ला व्यवहारी आहे. पण त्याच्या पोटात एक भीती दडलेली आहे. ती भीती तपासून पाहिल्याशिवाय आमच्यासारख्या पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्या जोडप्याला स्वतःचा प्रवास आखताच येत नाही, असे माझे आता ठाम मत झाले आहे. ते कसे झाले, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी अकोल्यात सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. जोडीदार एका अनुदानित शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतो. दोघांच्याही घरात पासपोर्ट काढणारे आम्हीच पहिले. लग्न विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने केले. ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, दोन हार आणि संध्याकाळी घरच्यांना जेवण. मांडव नाही, बँड नाही, मानपान नाही, आहेर नाही. त्यातून वाचलेल्या पैशांत फिरायला जायचे, हे आधीच ठरले होते. दोघांचे मिळून चार लाख, त्यावर एक रुपया नाही.

यावरही बोलणी खावी लागली. हेच चार लाख आम्ही मांडवात उधळले असते तर कुणी हिशेब विचारला नसता, उलट “लग्न दणक्यात झालं” म्हणत हात धुऊन गेले असते. पण दोन कमावत्या माणसांनी तेच पैसे जग पाहण्यावर खर्च करायचे म्हटले की अख्खा गोतावळा लेखापरीक्षक होतो. जेवणावळीचा खर्च ही रीत आणि प्रवासाचा खर्च ही उधळपट्टी, हे कोणत्या तर्काने ठरते? मला अजून कुणी समाधानकारक उत्तर दिलेले नाही.

असो. आता आमचा पहिला आराखडा पाहा. दिवाळीच्या सुट्टीतले दहा दिवस; विमानाचे येणे-जाणे वजा करता हातात ८ रात्री. त्यांत मी बसवले होते : पॅरिस २, ॲमस्टरडॅम १, स्वित्झर्लंडमधले इंटरलाकेन २, व्हेनिस १, रोम २. पाच शहरे, चार देश. हा आराखडा माझा होता, हे कबूल केले पाहिजे. जोडीदार नुसता मान हलवत होता आणि मी ती संमती समजत होते. जाहिरातींत ‘८ दिवस ७ देश’ अशा सहली असतात. त्या मानाने मी संयमीच आहे, असेही मला वाटत होते.

ही पाच नावे माझ्या डोक्यात आली कुठून? घरातले कुणी तिथे गेलेले नव्हते, शेजारपाजारचेही नव्हते. नावे आली सिनेमातून. १९६४च्या ‘संगम’मध्ये राज कपूर आणि वैजयंतीमाला मधुचंद्राला युरोपात जातात. १९९५च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ने स्वित्झर्लंड घराघरांत पोहोचवले, इंटरलाकेनमध्ये तर यश चोप्रांचा पुतळाच उभा आहे. मधुचंद्र कुठे करायचा याची यादी आमच्या जन्माआधीच कुणीतरी करून ठेवली होती. माझा सगळ्यांत आवडता सिनेमा मात्र ‘हम दिल दे चुके सनम’. १९९९चा, केबलवर कितीदा पाहिला याला गणती नाही. त्यात नवरा बायकोला इटलीला घेऊन जातो. यादीत इटलीला तीन रात्री मी त्या सिनेमापायीच दिल्या होत्या. मग एका रात्रपाळीत, वॉर्ड शांत असताना, चित्रीकरणाची जागा शोधली आणि हसूच आले. ती इटली नाहीच. ते हंगेरीचे बुडापेस्ट आहे. शेवटच्या प्रसंगातला तो पूल म्हणजे डॅन्यूब नदीवरचा, १८४९ साली खुला झालेला सेचेनी साखळी पूल.

हसून झाल्यावर प्रश्न मात्र रुतून बसला. मला इटली पाहायची आहे, की ‘इटली पाहिली’ असे म्हणायचे आहे?

इथे आईचे सांगितले पाहिजे. माझे बाबा जिनिंगमध्ये कामाला होते. लग्न झाल्यावर आई-बाबांनी चिखलदऱ्याला जायचे ठरवले होते. अकोल्याहून एसटीने अर्ध्या दिवसाचा रस्ता. पण तेव्हा कापसाचा हंगाम सुरू होता, सुट्टी मिळेना. मग पुढच्या पावसाळ्यात जाऊ म्हणाले. पुढच्या पावसाळ्यात मी पोटात होते. मग भाऊ. मग आजोबांचे आजारपण. चिखलदरा राहिला तो राहिलाच. त्यामुळे आई जेव्हा म्हणाली, “पोरी, जे पाहाचं ते आताच पाहून घे, पुन्हा जाणं होत नसते,” तेव्हा ती सल्ला देत नव्हती, अनुभव सांगत होती. तिच्या आयुष्यात ‘पुढच्या वेळी’ याचा अर्थ ‘कधीच नाही’ असाच निघाला होता.

आणि हीच ती भीती. ज्यांच्या वाट्याला एखादी गोष्ट पहिल्यांदाच येते, त्यांना ती अख्खीच्या अख्खी आणि ताबडतोब हवी असते. कारण दुसऱ्यांदा मिळेल याचा त्यांना आजवर कुणी भरवसा दिलेला नसतो. यात हावरटपणा नाही, इतिहास आहे. पण इतिहास समजून घेणे वेगळे आणि त्याच्या हातात आपल्या प्रवासाचा आराखडा देणे वेगळे.

माझ्या पाच शहरांचा खर्च सहा लाखांच्या वर चालला होता. त्यातही स्वित्झर्लंडच्या दोन रात्री सगळ्यांत महाग. नेमके त्याच आठवड्यात बँकेचा संदेश आला : आत्ता फिरा, नंतर फेडा. कायम नोकरीतल्या माणसाला कर्ज द्यायला बँक टपलेलीच असते. मी म्हटले, काढू या दोन-अडीच लाख, तीन वर्षांत फिटतील. तेव्हा जोडीदार पहिल्यांदा बोलला : “मांडवासाठी कर्ज काढायचं नाही म्हणून आपण भांडलो. मग पॅरिससाठी काढलेलं कर्ज पुरोगामी कसं?” मला राग आला. दोन दिवस आम्ही नीट बोललो नाही. पण त्याचा मुद्दा मला खोडता आला नाही. लोकांना दाखवण्यासाठी काढलेले कर्ज हे मांडवात खर्च होवो की आयफेल टॉवरखाली, त्याची जात बदलत नाही.

मग मी मला येणारी गोष्ट केली. वॉर्डात आम्ही महिन्याचा ड्यूटी चार्ट लावतो : कोण कोणत्या पाळीला, कुणाची रात्रपाळी, कुणाची सुट्टी. तसाच चार्ट प्रवासाचा लावला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्य युरोपात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे दिवसाचा उजेड जेमतेम दहा तास. आठ रात्रींमधले पूर्ण दिवस सात. एकूण उजेड ७० तास. आता शहर बदलण्याचा खर्च मोजा. गाडी किती तासांत पोहोचवते एवढेच पाहून चालत नाही. सामान बांधा, खोली सोडा, स्टेशन गाठा, फलाट शोधा, उतरा, नव्या शहरात पत्ता शोधा, दुपारी तीनपर्यंत खोली मिळत नाही म्हणून सामान कुठेतरी ठेवा. दारापासून दारापर्यंत मोजले तर पॅरिस ते ॲमस्टरडॅम ७ तास, ॲमस्टरडॅम ते इंटरलाकेन १२, इंटरलाकेन ते व्हेनिस १०, व्हेनिस ते रोम ७. बेरीज ३६. ढोबळ हिशेब आहे, पण सत्तरातले छत्तीस! निम्म्याहून जास्त उजेड आम्ही बॅगा ओढण्यात घालवणार होतो आणि त्यासाठी कर्जही काढणार होतो.

चार्ट पाहून जोडीदाराने विचारले, “सगळं बाजूला ठेव. तुला तिथे नेमकं काय पाहायचं आहे? लोकांना नाही, तुला.”

इतक्या दिवसांत हा प्रश्न आम्ही एकमेकांना विचारलाच नव्हता. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहायचे ठरवले.

त्याच्या कागदावर पहिले नाव होते केपलर. दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्याच धड्यात तो दरवर्षी केपलरचे नियम शिकवतो. ग्रह लंबवर्तुळात फिरतात, हे सांगणारा हा माणूस १६०० ते १६१२ या काळात प्रागमध्ये राहिला आणि त्याचे पहिले दोन नियम ज्या ग्रंथात आले, तो १६०९ सालचा ग्रंथही त्याच काळातला. ज्याच्या निरीक्षणांवर केपलरने हे गणित उभे केले, त्या टायको ब्राहेची कबर प्रागच्या जुन्या चौकालगतच्या चर्चमध्ये आहे. चौकातच १४१० सालापासूनचे खगोलीय घड्याळ आहे. “फळ्यावर काढतो ते प्रत्यक्ष कुठे सुचलं, ते गाव पाहायचं आहे,” एवढेच तो म्हणाला.

माझ्या कागदावर, मलाच आश्चर्य वाटावे, पॅरिस नव्हते. नाव होते सेमेलवाइस. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवलेले हे नाव मी कधी विसरले नाही. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात तेव्हा प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतिणी कितीतरी जास्त संख्येने तापाने मरत. शहरातल्या गरीब बायकांना हे ठाऊक होते. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या गयावया करत. १८४७ साली सेमेलवाइसच्या एका सहकाऱ्याला शवविच्छेदन करताना सुरी लागली आणि तोही तशाच लक्षणांनी गेला. तेव्हा सेमेलवाइसला उलगडा झाला : डॉक्टर प्रेते फाडून थेट प्रसूतीच्या खोलीत येतात, मरण त्यांच्याच हातांनी येते आहे. त्याने क्लोरीनच्या द्रावणात हात धुणे सक्तीचे केले आणि मृत्यू झपाट्याने घटले. तरीही बड्या डॉक्टरांना ते पटले नाही. आपले हात अस्वच्छ असू शकतात, हेच त्यांना मान्य नव्हते! १८६५ साली वेड्यांच्या रुग्णालयात त्याचा अंत झाला. कोण स्वच्छ आणि कोण अस्वच्छ, हे हुद्द्यावरून ठरत नाही, हे मी त्याच्याकडून शिकले. दिवसातून पन्नास वेळा हात धुताना तो आठवतोच असे नाही. पण त्याचे रुग्णालय पाहायला मिळाले तर मला ते पाहायचे होते. त्या जुन्या रुग्णालयाच्या आवारात आता विद्यापीठ आहे आणि तिथल्या चौकांतून कुणालाही फिरता येते. त्याचे जन्मघर बुडापेस्टमध्ये आहे. तिथे आता वैद्यकीय इतिहासाचे संग्रहालय आहे आणि तो तिथेच पुरलेला आहे.

दोन कागद शेजारी ठेवले आणि प्रवास आपोआप दिसला. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. एका ओळीतली तीन शहरे. प्राग ते व्हिएन्ना गाडीने साधारण चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीनच्या आतबाहेर. दारापासून दारापर्यंत धरले तरी दोन्ही मिळून १३ तास. सत्तरातले तेरा. आणि गंमत म्हणजे माझा तो सिनेमातला पूलही, इटलीत न जाता, वाटेवरच आला.

पहिल्यांदाच जाणाऱ्या इतर जोडप्यांसाठी यातले काही व्यवहार नीट सांगते, कारण हे कुणी धड सांगत नाही. विमानाचे तिकीट काढताना ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय असतो : जायचे एका शहरात, यायचे दुसऱ्या शहरातून. आम्ही प्रागला उतरणार आणि बुडापेस्टहून परतणार. जाऊन-येऊन तिकीट प्रागचेच काढले असते तर परतीसाठी उलटा प्रवास करण्यात एक दिवस गेला असता. चेकिया आणि हंगेरी युरोपीय संघात आहेत, पण तिथे युरो हे चलन नाही. एकीकडे कोरुना, दुसरीकडे फोरिंट. एटीएम किंवा कार्डाचे यंत्र ‘रुपयांत वळते करू का’ असे विचारते, तेव्हा नाही म्हणायचे आणि स्थानिक चलनच निवडायचे. नाहीतर दर त्यांचा लागतो. ट्राम-मेट्रोचे कागदी तिकीट नुसते खिशात ठेवून चालत नाही, यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का मारावा लागतो; नसेल तर दंड. व्हिएन्नात रविवारी दुकाने बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली काही सोडून. १ नोव्हेंबरला ऑस्ट्रिया आणि हंगेरी दोन्हीकडे सार्वजनिक सुट्टी असते. आमची तारीख तिच्या आसपासची, म्हणून दूध-पावाची तजवीज आदल्या दिवशी. प्रागच्या जुन्या भागात रस्ते दगडी आहेत, चाकांची मोठी बॅग तिथे शत्रू. म्हणून दोघांना एकेक छोटी बॅग. गरम कपडे निम्मे उसने आणले आहेत, त्यात लाज कसली?

आता व्हिसा. शेंगेन करारात २९ देश आहेत आणि एका व्हिसावर सगळीकडे फिरता येते. पण अर्ज हव्या त्या देशाकडे करता येत नाही. जिथे सर्वांत जास्त मुक्काम, त्या देशाकडे करायचा. मुक्काम सारखे असतील तर जिथे आधी पाऊल ठेवणार त्याच्याकडे. आमच्या रात्री प्राग २, व्हिएन्ना ४, बुडापेस्ट २. म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे. प्रौढाला फी ९० युरो, व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण शेवटच्या क्षणापर्यंत थांबणे म्हणजे जुगार.

एजंटकडे आम्ही एकदाच गेलो. तो बोलत होता फक्त जोडीदाराशी. मी समोर बसलेली असताना विचारत होता, “मॅडमना काय काय दाखवायचं ठरवलंय?” मग म्हणाला, मॅडमच्या पासपोर्टवर अजून माहेरचेच नाव आहे, ते आधी बदलून घ्या, नाहीतर अडचण येईल. मी विचारले, नियम दाखवा. तो दाखवू शकला नाही, कारण तसा नियम नाही. नवरा-बायकोचे अर्ज वेगवेगळे असतात, प्रत्येकाचा पासपोर्ट वेगळा, नात्यासाठी विवाहाचा दाखला पुरतो. पुढचा सल्ला तर कळसच होता : “दुसऱ्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते. तिथलं चार रात्रींचं बुकिंग दाखवू, व्हिसा आला की रद्द करू. आणि खात्यात महिनाभर नातेवाइकांचे दोन-तीन लाख ठेवा.” म्हणजे देशही खोटा आणि पैसाही खोटा! आम्ही उठलो. सीमेवरचा अधिकारी मुक्कामाचे कागद मागू शकतो. खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम तपासणाऱ्याच्या डोळ्यांत भरते. हे व्यवहाराचे झाले. पण त्याआधीचा मुद्दा असा की अर्जावर सही माझी आहे. माझा पगार माझ्या खात्यात दर महिन्याला येतो. त्यात लपवण्यासारखे काय आहे, की मी दुसऱ्याच्या पैशांनी स्वतःला मोठे दाखवावे?

अर्ज आम्हीच भरले. तिच्या नावाने तिची फाइल, त्याच्या नावाने त्याची. बँकेचे विवरण, पगारपत्रके, रजेचा आदेश, मुक्कामाचे रद्द करता येणारे आरक्षण, दिवसवार कार्यक्रम. सरकारी नोकरीमुळे मला परदेशप्रवासासाठी ना हरकत प्रमाणपत्र लागले. फॉर्मवर ‘प्रयोजन’ असा रकाना होता. मी ‘पर्यटन’ लिहिले. कारकून काका चष्म्यावरून पाहत म्हणाले, “लग्न झालंय ना नुकतं? मग खरं ते लिहा की.” सगळे हसले, मीही हसले. रात्रीच्या रेल्वेने मुंबईला जाऊन दोघांनी बोटांचे ठसे दिले आणि त्याच रात्री परत फिरलो.

व्हिएन्नाला चार रात्री का, हाही वादाचा विषय झाला. कारण त्यातला एक दिवस आम्ही रिकामा ठेवला आहे. चार्टवर त्या चौकटीत काहीही लिहिलेले नाही. यासाठी मात्र मी भांडले. महिन्यातल्या आठ रात्रपाळ्या काय असतात ते मला विचारा. लग्नानंतरच्या पहिल्या पाच महिन्यांत आम्हा दोघांना एकत्र मिळालेल्या पूर्ण सुट्ट्या एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. एकमेकांबरोबर काहीही न करता बसणे, हे आमच्यासाठी कोणत्याही राजवाड्यापेक्षा दुर्मीळ आहे. जोडीदाराला आधी तो दिवस वाया जाणारा वाटला. आता तो त्याच दिवसाची वाट पाहतो आहे. मधुचंद्राचा मूळ हेतू दोघांनी एकत्र असणे हा आहे, हे पाच शहरांच्या घाईत मी साफ विसरले होते.

उरलेल्या दिवसांत राजवाडा बाहेरून पाहू आणि कार्ल-मार्क्स-होफ मात्र नक्की पाहू. १९२७ ते १९३० या काळात व्हिएन्नाच्या महापालिकेने कामगारांसाठी बांधलेली ही वसाहत एक किलोमीटरहून लांब आहे. तेराशेहून जास्त घरे, आणि त्यांच्यासोबत धुलाईघरे, बालवाड्या, वाचनालय, दवाखाना. आजही तिथे लोक राहतात. त्यासाठी तिकीट लागत नाही. ज्यांच्या बाबांनी जिनिंगमध्ये आयुष्य काढले आणि पत्र्याच्या खोलीत संसार केला, त्यांना राजाची झुंबरे आणि कामगारांची घरे यांत काय आधी पाहावेसे वाटेल?

एक आक्षेप वारंवार येतो : मग टूर कंपनीबरोबरच का नाही गेलात? सगळे आयते, जेवणसुद्धा आपले. टूर कंपन्यांना शिव्या देण्यासाठी हा लेख नाही. वयस्कर माणसांना, भाषेची धास्ती असलेल्यांना ती सोय मोठी आहे. पण ‘शुद्ध शाकाहारी, रोज पोळी-भाजी’ हे त्यांचे सगळ्यांत मोठे आमिष आमच्या काय कामाचे? आम्हाला सुकट चालते, बोंबील चालतो, मटण चालते. आठ दिवस पोळी-भाजीच्या पहाऱ्यात का काढायचे? हंगेरीत पाप्रिका घातलेले मांसाचे झणझणीत सूप मिळते. ती पाप्रिका आणि आपली मिरची दोन्ही मूळच्या अमेरिकेतल्या, एकाच कुळातल्या. वऱ्हाडातल्या माणसाची तिथे उपासमार होईल असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. पॅरिस पाहिले नाही तर युरोप कसला? मी याचे उत्तर शोधत होते आणि ते मला चिखलदऱ्यात मिळाले.

कर्ज काढायचे नाही ठरल्यावर आणि तीन शहरांवर आल्यावर चार लाखांतले थोडे शिल्लक राहत होते. ऑगस्टमध्ये एका शनिवारी आम्ही आई-बाबांना घेऊन चिखलदऱ्याला गेलो. तीस वर्षे राहिलेली सहल. आणि झाले काय? दोन्ही दिवस दाट धुके. प्रत्येक पॉइंटवर जायचे, कठड्याला टेकायचे, समोर पांढरी भिंत. दरी दिसली नाही, धबधबा दिसला नाही. मी हिरमुसले, सारखी माफी मागत होते. आई मात्र बाबांशेजारी बाकावर बसून भाजलेले कणीस खात होती. ओल्या वाऱ्याने तिचा पदर उडत होता आणि ती तो धरतही नव्हती. दोन तास ती तिथून हलली नाही. परतताना गाडीत एवढेच म्हणाली, “लय बेस झालं.”

काहीही न दिसता बेस झाले! यादीतले एकही ठिकाण न पाहता. मला वाटते, या दोन शब्दांनी माझी राहिलेली पाच शहरेही निकालात काढली.

मागच्या आठवड्यात पासपोर्ट घरी आले, दोघांच्याही पानांवर व्हिसा. आईला नकाशावर तीन ठिकाणे दाखवली. तिने चष्मा लावून बोट फिरवले आणि विचारले, “म्हणजे पॅरिस राह्यलं?”

“राहिलं.”

“बरं. मंग थे पुढच्या वेळी पाहासान.”

‘पुढच्या वेळी’ हे शब्द मी तिच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आले. पहिल्यांदाच ते तिने खरे होतील अशा सुरात उच्चारले.

पहिल्यांदाच निघालेल्या माझ्या मैत्रिणींना आणि मित्रांना म्हणूनच सांगणे आहे : नकाशा उघडण्याआधी दोन कोरे कागद घ्या आणि दोघांनी वेगवेगळे लिहा. उजेडाचे तास मोजा, पैसे मोजा, कर्ज काढू नका, खोटा कागद जोडू नका. आणि “परत कधी जाणार?” असे कुणी विचारले, तर शांतपणे सांगा की परत जाणार आहोत. कधी ते अजून ठरले नाही, पण जाणार आहोत.